केदाराआधी येलदरी

परभणीच्या शांतम्माला चढ म्हणून ठाऊक होता तो रेल्वे स्टेशनवरच्या पुलाचा दादरा. बाकी सगळं गाव परातीसारखं सपाट. अशा बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, तेलाचं दुकान चालवणाऱ्या ईश्वरअप्पांनी, पंच्याऐंशी साली केदारनाथाला पायी चढायचं ठरवलं. लिंगायत मठातली आणखी काही माणसं बरोबर होती.

दोनदा जाऊन आलेले सिद्रामप्पा गुरुजी त्यांचे म्होरके. ते सगळ्यांकडून एकच घोकून घेत: हळू चाला, घोट घोट पाणी प्या, डोकं ठणकलं की सांगा आणि खाली उतरा. मागच्या खेपेला एकानं डोकेदुखी लपवली होती. डोलीतून खाली आणला तेव्हा तो सख्ख्या भावाला ओळखत नव्हता. वाचला, एवढंच.

हे ऐकल्यापासून शांतम्मा धास्तावली होती, आणि त्याला कारण नवरा. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, हा घरचा नेम, तीही पाळायची. पण ईश्वरअप्पांनी मठात भर बैठकीत त्यावर कडी केली. "चढायच्या दिवशी केदारापुढं बसूनच लिंगपूजा करणार. तवर पाणी न्हाई." लोकांनी माना डोलावल्या आणि हा गडी फुशारला.

"अवो, दिवसभराची चढण हाय ती," घरी आल्यावर शांतम्मा म्हणाली.

"चार लोकांत बोललोय. आता शब्द फिरवू का?"

चैत्रात गुरुजींनी सगळ्यांना सरावाला येलदरीच्या धरणावर नेलं. बाकीच्यांनी नदीकाठी पूजा उरकली, पाणी प्यायले. ईश्वरअप्पा तसेच कोरड्या तोंडानं उभे राहिले. सराव करायचा तर नेमाचाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या खेपेला धरणाच्या पायऱ्या ते सगळ्यांच्या पुढं चढून गेले. दुसऱ्या खेपेला मधल्या माणसांत होते. ऊन चढलं, दगड तापले, आणि तिसऱ्या खेपेला ते शेवटी राहिले. मागं फक्त शांतम्मा होती.

अर्ध्यावर त्यांचा पाय पायरी सोडून पडला. शेजारी सरळ उतार होता. शांतम्मानं झडप घालून धोतराचा सोगा धरला.

"काय होतंय?"

"कुठं काय? चप्पल सरकली."

बोलताना त्यांची जीभ जड झाली होती. खालून गुरुजींनी हाक मारून विचारलं, तर हे हात हलवून म्हणाले, "बरा हाय, बरा हाय!" हा माणूस वर बर्फातही असंच म्हणेल आणि आपण परभणीला एकट्या परतू, हे शांतम्माला लख्ख दिसलं. तेवढ्यात ते पुन्हा चढायला लागले.

"बसा खाली!"

लोकांसमोर नवऱ्यापुढं कधी ब्र न काढणारी बाई ओरडली, तेव्हा वरची आणि खालची सगळी माणसं थबकली. ईश्वरअप्पा मटकन बसले.

"लिंग काढा. हातावर घ्या."

"अगं, केदारापुढं..."

"मंग गळ्यात बांधलाय त्यो कोण हाय? ह्यो केदार न्हाई, तर तिथं तरी कशाला जायचं?"

लोक बघत होते. ईश्वरअप्पांनी गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं. शांतम्मानं त्या हाताला खालून आधार दिला आणि बरोबरच्या तांब्यातलं पाणी लिंगावर सोडलं. डोळे मिटून त्यांनी पूजा केली, तीर्थ घेतलं. मग तांब्या ओढून घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

"शांतम्मा," ते हळूच म्हणाले, "तू मला दोन-दोन दिसायलीस."

"कवापासून?"

"पहिल्या खेपेपासून."

तिला असा संताप आला की तांब्या धरणात फेकून द्यावा. त्याऐवजी तिला रडूच फुटलं, तेही सगळ्यांसमोर.

"वर असं झालं तर सांगताल का?"

ईश्वरअप्पांनी लिंग पुन्हा गळ्यात बांधलं.

"न्हाई सांगायचो," ते म्हणाले. "तू इचारूच नको. मी काई बी म्हणलो तरी हाताला धरून खाली आण."