कानातला तुंबा

सिंदेवाहीच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नळ्यांच्या बुडाशी एक फुगवटा असतो, त्याला अँपुला म्हणतात. शब्द लॅटिन. अर्थ, फुगीर पोटाची, बारीक मानेची छोटी सुरई. रोमन लोक तिच्यात तेल-अत्तर ठेवायचे. गर्भनलिकेच्या रुंद भागालाही हेच नाव, आणि इंजेक्शनचं अँप्युलही याच घराण्यातलं. एवढं सांगून मी दरवर्षी फर्मावतो, "डोळे मिटा आणि ती रोमन सुरई डोळ्यांपुढं आणा!" तोवर घसा कोरडा पडतो. मग फळ्याशेजारच्या खिळ्यावरचा माझा तुंबा काढून मी पाणी पितो. वाळवलेल्या भोपळ्यात पाणी गार राहतं, म्हणून आमच्याकडे धानाच्या बांधीवर अजूनही तोच नेतात.

यंदा चाचणीत निम्म्या वर्गानं अँपुलाच्या मानेला दोरी काढली. मी भडकलो. "ही दोरी कुठल्या रोममध्ये पाहिली?"

पहिल्या बाकावरची पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, दोरी नसन तं तो कानात टांगून कसा राहीन?"

मी सगळ्यांचा अर्धा मार्क कापला, घोटभर पाणी प्यालो आणि तुंबा परत खिळ्याला टांगला. दोरीनंच.