दाराएवढी दोरी

सायकलवाल्या काकांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आठवडाभरात घरातल्या सारे कडी-कोयंडे खोलून परत बसवले. बायकोचं डोकं फिरलं. तिनेच त्यांना सरकारी दवाखान्यामागच्या निवृत्तांच्या मंडळाच्या खोलीत नेऊन सोडलं. दवाखान्याकडे चाकाच्या खुर्च्या सतरा होत्या, पण त्या नीट ठेवायला माणूस नव्हता. मंडळाकडे नुसतीच माणसं होती. म्हणून दवाखान्याने खुर्च्या मंडळाला दिल्या: तुम्हीच दुरुस्त करा, तुम्हीच घरोघर पोचवा.

काकांना हे काम मनापासून आवडलं. त्यांची एकच खोड होती. पेशंटच्या बाथरूमचं दार स्वतः मोजल्याशिवाय ते खुर्ची हातची सोडत नसत. खुर्ची घरभर फिरते आणि जिथे अडायला नको नेमकी तिथेच अडते, असं त्यांचं म्हणणं. पण या मोजमापात दोन-तीन दिवस जात. दवाखान्याच्या साहेबांना ते खपेना. पेशंटला खुर्चीची चिठ्ठी दिली त्याच दिवशी खुर्ची द्यायची, एक जरी तक्रार आली तरी सगळ्या खुर्च्या परत आणून कुलपात ठेवीन, असं त्यांनी बजावलं.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी तोड काढली. नातेवाइकांनी दाराच्या रुंदीएवढी दोरी कापून आणायची, काकांनी ती खुर्चीला लावून बघायची. काकांनी आधी नाक मुरडलं. दोन महिन्यांत मात्र ही युक्ती आपलीच असल्यासारखं ते चारचौघांत सांगायला लागले.

मग शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंचे भाऊ दोरी घेऊन आले. बाई चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हापासून पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. दोरी खुर्चीच्या रुंदीपेक्षा लांब निघाली, खुर्ची लगेच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पुन्हा हजर. खुर्ची बाथरूमच्या दारात अडली होती, आणि बाई साहेबांना फोन करणार होत्या.

"तुम्ही मोजलं कुठलं दार?" काकांनी विचारलं.

"घराचं. तुम्ही दार म्हणालात."

काकांचा चेहरा पडला. आधी दर वेळी दार स्वतःच मोजल्यामुळे ते कुठलं हे तोंडाने सांगायचं असतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

टेप आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ते भावांच्या मागोमाग निघाले. बाईंनी त्यांना कधी शिकवलं नव्हतं, तरी त्यांच्यासमोर उभं राहताच काकांचे हात आपोआप मागे गेले. चूक माझी आहे, फोन करायच्या आधी मला अर्धा तास द्या, एवढंच ते म्हणाले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

दारातली मोकळी वाट बोटभर कमी पडत होती. पण दार उघडलं की फळी चौकटीतच उभी राहायची आणि बोटभरापेक्षा जास्त जागा खायची. काकांनी बिजागऱ्या खोलून दारच काढलं आणि तिथे जाड पडदा लावला. पडद्यामागे आंघोळ करायची वेळ आली म्हणून बाईंनी त्यांना चांगलंच सुनावलं. काकांनी पडद्याला आतून बांधायला नाड्या लावून दिल्या. भाऊ म्हणाले, मी बाहेर जाऊन बसतो, रेडिओही मोठा करतो.

बाई खुर्ची ढकलत आत गेल्या. चाकं चौकटीला घासली, पण गेली. आतल्या स्टुलावर त्यांना सरकता येत होतं, इतके दिवस अडलं होतं ते तिथवर पोचणंच. नळ सुटला आणि बराच वेळ चालू राहिला. काका देवाचं नाव घेत उभे राहिले.

ओल्या केसांनी बाहेर येऊन बाईंनी फोन मागितला. बाईंनी साहेबांना मंडळाच्या चुकीबद्दल सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. दारही काढून ठेवलंय, म्हणाल्या. मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार महिने माझा सत्तर वर्षांचा भाऊ डोळे मिटून मला आंघोळ घालत होता. आज माझी मी केली. हेही लिहून घ्या. खुर्ची मी परत देणार नाही."

बाहेर रेडिओ मोठ्याने चालूच होता. तो बंद करायला काका गेले, तर भाऊ शेजारी बसून लहान मुलासारखे रडत होते. काकांनी रेडिओ बंद केला नाही.