आंधीनंतरचं माझं कलम

आंधी येऊन गेली त्या सकाळी आमच्या फाटकासमोर कडुनिंब आडवा पडला होता. नानाखेड्यातल्या आमच्या गल्लीला बाहेर पडायला एकच वाट, आणि निंबानं नेमकी तीच अडवली. बायकोचं डायलिसिस दहाला होतं. आधीची एक पाळी मशीन बिघडल्यामुळे हुकलेली, पाय सुजलेले, चार पावलं टाकली की दम लागत होता. आज चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तरी मी निवांत होतो. वादळानंतर शहर कसं साफ करायचं, याचा आराखडा निवृत्तीआधी महापालिकेत असताना मीच लिहिला होता. कुठे फोन करायचा ते मला पाठ होतं. पाऊण तासात सफाईची गाडी आलीसुद्धा. दरोगा, म्हणजे सफाई कामगारांवरचा मुकादम, चार माणसं आणि पेट्रोलवर चालणारी करवत. माझी छाती जरा फुगलीच.

त्यांनी पाला गोळा केला, बारीक फांद्या तोडून गाडीत भरल्या. मग करवतही गाडीत ठेवली.

“और ये तना?” मी खोडाकडे बोट दाखवून विचारलं.

“वो उद्यान विभाग का है, बाबूजी. पहले उनका पंचनामा होगा.”

“अरे, आरी तुम्हारे पास है. दो जगह काट दो, मेरी गाड़ी निकल जाएगी. घर में मरीज़ है.”

त्यानं मोबाइलवर एक कागद काढून माझ्यापुढे धरला. “आपका ही बनाया हुआ है ना? काटूँगा तो मुझे नोटिस मिलेगा.”

कागद माझाच होता. पूर्वी पडलेल्या झाडांचे ओंडके परस्पर वखारीत पोचायचे, म्हणून पंचनाम्याशिवाय खोडाला कोणी हात लावायचा नाही, असं कलम मी घातलं होतं. बैठकीत साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा घरी येऊन मी ते बायकोला वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं होतं, “आणि खोडामागे कोणी अडकलं असेल तर?” तुला त्यातलं काय कळतं, असं म्हणून मी कागद घडी करून ठेवला होता.

उद्यान विभागाला फोन लावला. साहेब फील्डवर होते, दुपारनंतर बघू म्हणाले. माझं डोकं असं तापलं की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. पण ओरडायचं कोणावर? दरोगा बिचारा माझंच म्हणणं पाळत होता.

शेवटी त्यानंच मार्ग काढला. पलीकडे एक ऑटो बोलावली. मी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यात बायकोला बसवलं आणि चौघांनी खुर्ची खांद्यापर्यंत उचलून खोडावरून पलीकडे नेली. माणूस उचलायला पंचनामा लागत नव्हता. तिनं डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरले होते. शेजारीपाजारी गच्चीवरून बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑटोत बसल्यावर बराच वेळ ती नुसती धापा टाकत होती. दम बसल्यावर म्हणाली, “अहो, मी तेव्हाच विचारलं होतं.”

“हो,” मी म्हणालो.