चेट, गॅरेजमध्ये जा!

चेस्टर पिलार्स्कीने अमेरिकेतल्या बफेलो शहराशेजारच्या चिक्टोवागा गावात चौतीस वर्षं बर्फ ढकलायची गाडी चालवली. एवढं करून गावात त्याची ओळख काय, तर बिल्स हा बफेलोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरायला लागला की ज्याला बायको घराबाहेर काढते, तो चेट.

बायकोचं नाव डेल्फिन. तिच्याकडे एक गोष्ट होती जी चेटकडे नव्हती. तिने बफेलो बिल्सना अजिंक्य होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चौसष्ट साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बफेलोतल्या जुन्या मैदानावर. ती दहा वर्षांची होती, वडिलांच्या कोटात अर्धी शिरून बसली होती. चेटही दहा वर्षांचाच होता आणि त्याच्याही वडिलांनी तिकीट काढून ठेवलं होतं, पण त्याला नेमके गालगुंड झाले. पुढच्या वर्षी बिल्स पुन्हा जिंकले, ते परगावी. आणि तिथून जे थांबले ते थांबलेच.

"तू काय मला फुटबॉल शिकवतोस?" डेल्फिन भर पाहुण्यांत म्हणायची. "मी जिंकलेले बिल्स पाहिलेत. तू गाल धरून बसला होतास."

"दोन्ही गाल," चेट म्हणायचा. या भांडणात त्याला तेवढंच बोलता येत असे.

पुढे सुपर बोल आला, म्हणजे अजिंक्यपदाचा शेवटचा सामना. एक्याण्णव साली बिल्स तिथवर पोचले आणि शेवटच्या एका लाथेवर हरले. चेंडू दोन खांबांच्या मधून जायचा, तो उजवीकडून गेला. त्या हिवाळ्यात चेटने म्हणे रस्त्याच्या उजव्या कडेचा बर्फ जरा जास्तच जोरात ढकलला. पुढच्या वर्षी पुन्हा सुपर बोल, पुन्हा हार.

त्र्याण्णवच्या जानेवारीत ह्यूस्टनविरुद्धचा सामना घरच्या मैदानावर होता. सगळी तिकिटं खपली नव्हती म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे गावात टीव्हीवर दाखवला नाही. पिलार्स्की मंडळी रेडिओला कान लावून बसली. बिल्स तीन, ह्यूस्टन पस्तीस! चेटने हातातली कोंबडीची तंगडी बशीत आपटली आणि फावड्याचा दांडा बसवायला गॅरेजमध्ये निघून गेला. दीड-दोन तासांनी आतून किंकाळी आली. तळणीच्या तेलाने पेट घेतला असं समजून हा आग विझवायचं नळकांडं घेऊन धावला. आत डेल्फिन टेबलावर उभी. बिल्स जिंकले होते.

"तू गेलास म्हणून जिंकले," ती वरूनच म्हणाली.

"मी फावडं दुरुस्त करत होतो गं!"

"मग यापुढे फावडीच दुरुस्त कर."

चारच आठवड्यांनी तिसरा सुपर बोल आला. बिल्स मागे पडताच डेल्फिनने दाराकडे बोट केलं. "चेट, गॅरेजमध्ये जा!" ओव्हरकोट घालून तो उलट्या बादलीवर बसला. बिल्स सतरा-बावन्न असे हरले.

"तू खिडकीतून डोकावलास," डेल्फिन म्हणाली.

"एकदाच!"

"तेवढ्यानेच घात झाला."

चौथ्या वर्षी चौथा सुपर बोल, चौथी हार. त्यानंतर नियम कडक झाले. गॅरेजच्या खिडकीला पुठ्ठा लागला. रेडिओ बंद. स्वयंपाकघराची भिंत गॅरेजला लागून होती, तेव्हा निरोप भिंतीवरून. एक टकटक म्हणजे बस तिथेच. दोन टकटक म्हणजे सामना संपला, जिंकलो, ये. मधे सतरा वर्षं अशी गेली की बिल्स बाद फेरीतसुद्धा पोचले नाहीत. चेटची गावातली सगळी फावडी दुरुस्त करून झाली. मुलगी रेनाटा लग्न होऊन रॉचेस्टरला गेली, आणि भिंतीपलीकडून रविवारची टकटक चालूच राहिली.

एकवीसच्या शरदात डेल्फिनच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वसंताच्या पुढचं काही बोलायचं टाळलं. तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हणाली, "या वर्षी संघ चांगला आहे. मी पाहिलंय. तुला एकदा दाखवून जायचंय."

"मी तर गॅरेजमध्ये असणार."

"कप घेतील तेव्हा आत बोलावीन रे, वेड्या."

बावीसच्या जानेवारीत कॅन्सस सिटीशी गाठ पडली. हा सामना जिंकला तरी अजिंक्यपद अजून दोन विजय लांब होतं, पण खरा डोंगर हाच. शेवटच्या मिनिटाला बिल्स चार गुणांनी मागे. कोचावर उशांना टेकलेल्या डेल्फिनने बोट केलं. चेट गेला, बादलीवर बसला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

मग भिंतीवर दोन टकटक झाल्या.

तो आत आला. डेल्फिन कोचावरून उठून, भिंत धरधरत स्वयंपाकघरापर्यंत आली होती. महिनाभरात ती स्वतःहून इतकं चालली नव्हती. तिला धरून त्याने परत आणून बसवलं. पडद्यावर बिल्स तीन गुणांनी पुढे होते.

"संपला?"

"तेरा सेकंद राहिलेत. तेरा सेकंदांत काय होतंय? बस इथे."

तो तिचा हात धरून बसला. त्या तेरा सेकंदांत कॅन्सस सिटीने बरोबरी केली. जादा वेळात बिल्सच्या हाती चेंडू आलाच नाही आणि ते हरले.

चेटने टीव्ही बंद केला. मग डेल्फिन म्हणाली, "माझी चूक. सामना संपायच्या आत ठोकलं मी."

"हॅट!"

"हॅट काय? नियम माझाच ना? मला घाई झाली, चेट. तुझं हुकवलं मी."

पुढे तिची जेवणावरची वासना गेली, पिरोगी, त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, नुसत्या बघून बाजूला ठेवू लागली, पण हे काही डोक्यातून जाईना. औषधाच्या गुंगीतून जागी झाली की म्हणायची, "तेरा सेकंद थांबता आलं नाही मला." एके दुपारी चेटने खुर्ची जवळ ओढली.

"डेल्फिन, एक सांगू? रागावशील."

"काय?"

"तू ठोकायच्या आधीच मी पुठ्ठा सारून बघितलं होतं."

डेल्फिन त्याच्याकडे पाहत राहिली. मग उशीवर डोकं टाकून हसली, खोकला येईपर्यंत हसली. "ठाऊकच होतं मला! तीस वर्षं सांगतेय, डोकावू नकोस. बैल आहेस नुसता!"

"आहेच मी."

त्यानंतर तिने तेरा सेकंदांचं नाव काढलं नाही. मार्चमध्ये गेली.

डिसेंबरात रेनाटा सामना बघायला मुद्दाम रॉचेस्टरहून आली. मायामीविरुद्ध बिल्स आठ गुणांनी मागे पडले आणि चेट कोट घालू लागला.

"डॅडी, बाहेर बर्फ पडतोय. आता कोण पाठवतंय तुला?"

तो गेलाच. बिल्स अखेरच्या क्षणी जिंकले. रेनाटा इतकी ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पण चेट येईना. ती गॅरेजमध्ये गेली, तर तो बादलीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"डॅडी, जिंकले!"

"ऐकलं मी."

"मग आत का नाही आलास?"

"भिंतीवर टकटक झाली की येतो. तशी पद्धत आहे आमची."

रेनाटाला टकटकीचा हिशेब कधीच नीट कळला नव्हता, पण तिने वाद घातला नाही. ती आत गेली, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि भिंतीवर टकटक केली. एकच.

चेटने कोटाची कॉलर वर केली आणि बसून राहिला.