फिशपाँड आणि दोन वडे

माझा मुलगा निळा पडत होता आणि दहावीचा अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता. घाटकोपरच्या शाळेत निरोप समारंभ होता, एकेकाच्या नावानं फिशपाँड वाचत होते. "हा पुढे हॉटेल काढणार, पण गिऱ्हाइकाला काही उरणार नाही!" हे ऐकून त्यानं पोरांना हसवायला दोन वडे एकदम तोंडात कोंबले, ते घशात अडकले. वडे वाटायला मीच होते. "अरे, गुदमरतोय तो!" मी ओरडले. "झकास! काकूपण नाटकात आहेत रे!" शिट्ट्या सुरू झाल्या. तेलकट हातांनी मी त्याच्या पाठीत गुद्दे घालत राहिले, देवाला शिव्या दिल्या, कुणी उठलं नाही. शेवटी घास बाहेर पडला. मुलगा वाचला. आता पंचावन्नचा आहे, मुलुंडला राहतो.