लाभ, मग एक

आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला जे असिस्टंट आहेत, ते म्हसवडकडचे. माणसांची वर्गवारी करायचा त्यांना नाद आहे. "प्रिन्सिपल सायेब सरळ रेषेत जात्यात. हेडक्लार्क सोताभोवतीच फिरत्यात. आन् तुमी सर, स्टाफरूम ते कँटीन, कँटीन ते स्टाफरूम. लंबक हाय तुमचा." हे सांगताना ते स्वतःच टाचांवर मागंपुढं डुलत असतात.

मी नवीन लागलो, तेव्हाची गोष्ट. लंबकाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मुलांसमोर मी गोळा सोडला, "एक" म्हणालो आणि वीस आंदोलनांचा वेळ दोनदा घेतला. गुरुत्वाची किंमत पावणेदहाच्या आसपास यायला हवी, ती दोन्ही वेळा अकराच्या जवळ आली. मुलं वहीआड हसू लागली. मला चूक काही सापडेना.

तेवढ्यात हे पुढं आले. "सर, दोरा मीच ढिला बांधला व्हता." वरच्या गाठीशी थोडी खुडबूड केली. "परत घिऊ. मी मोजतो."

गोळा सोडताना ते म्हणाले, "लाभ." गोळा जाऊन परत आला, तेव्हा म्हणाले, "एक."

खळ्यावर धान्याच्या पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात. इथं त्यांनी तो चक्क शून्याच्या जागी बसवला होता. मी एकोणीस आंदोलनांनाच वीस म्हणत होतो. या वेळी उत्तर बरोबर आलं.

तास संपल्यावर मी दोरा सोडायला गेलो. गाठीवर उन्हाळ्याच्या सुट्टीतली धूळ तशीच होती.