सहा रिकामी खोकी

अझोगेस या डोंगरातल्या गावात परदेशी निघालेला माणूस आधी पाद्र्याकडे जातो आणि मग हेर्मानियाकडे. पाद्री आशीर्वाद देतो, हेर्मानिया औषधं बांधून देते. चौकातल्या औषधांच्या दुकानात ती सोळा वर्षं उभी आहे. उभीच, कारण मालकाने काउंटरमागे स्टूल काही ठेवलं नाही. गावात घरटी एकाने तरी परदेशात बस्तान बसवलंय, त्यामुळे कुणाची रक्तदाबाची गोळी कस्टममध्ये अडली आणि कुणाची सुटली, हे हिला बसल्याजागी, म्हणजे उभ्याजागी, कळतं.

"खोकं फोडायचं नाही," ती प्रत्येकाला दरडावते. "डॉक्टरची चिठ्ठी खोक्यात. तीन महिन्यांच्या वर एक गोळी नको. आणि सगळं हातातल्या पिशवीत."

लोकांना हे पटत नाही. आपल्याकडे गोळ्या सुट्या घ्यायची सवय. डोकं दुखलं की दोन, पोट बिघडलं की चार, पट्टी कात्रीने कापून हातावर. खोकं घरी नेतो कोण? मग हेर्मानिया चिडते. "बाबा रे, गोळी काय तोंडाने सांगणार आहे का, मी कोण म्हणून? तिचं नावगाव त्या खोक्यावर असतं!"

अशा या हेर्मानियाच्या धाकट्या बहिणीला, यादिराला, स्पेनमध्ये वलेन्सियाला शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. विषय कुठला, तर औषधशास्त्र.

आता खरं सांगायचं तर हेर्मानियाला आनंद झाला नाही. जळफळाट झाला. अठराव्या वर्षी याच विषयाला तिला जवळच्या क्वेंकाच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. त्याच महिन्यात पाच वर्षांची यादिरा शाळेच्या अंगणात फिट येऊन पडली. सकाळी सातला एक आणि संध्याकाळी सातला एक गोळी, चुकली की पोर पडलीच. आई, दोन्या क्लेमेन्सिया, म्हणजे क्लेमेन्सियाबाई, गवती टोप्या विणायची. हातात टोपी असली की तिला घड्याळ दिसायचं नाही. मग हेर्मानियाने दुकानातली नोकरी धरली आणि घड्याळही. सोळा वर्षांत एक गोळी चुकली नाही. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही. शाबासकी यादिराला मिळायची, शिकलीस म्हणून.

"आता काय, तुझी बहीण शिकून आली की स्वतःचं दुकान टाकेल," शेजारची दोन्या रोसाउरा म्हणाली. "तुला घेईल हो हाताखाली!"

"घेईल की," हेर्मानिया म्हणाली, आणि तिने त्या दिवशी रोसाउराला खोकल्याचं सगळ्यांत कडू औषध काढून दिलं.

निघायला आठ दिवस असताना, रविवारी घरात जत्रा भरली. कुणाचा पोरगा तिकडे, कुणाची सून. प्रत्येकाची पुडी यादिराच्या बॅगेत जायला हवी. रोसाउराने लेकासाठी भाजलेल्या जवाचं पीठ आणलं, दोन किलो. कुणी गूळ आणला. एकाने भाजलेला कुई, म्हणजे गिनीपिग, आणला होता, अख्खा, दातांसकट. त्याला तेवढं परत पाठवलं. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. दोन्या क्लेमेन्सिया वजनकाट्याशी झुंजत बसली होती, आणि तिची नजर औषधाच्या सहा खोक्यांवर गेली.

"एवढ्याशा गोळ्या, आणि घरं बघा केवढी!" म्हणत तिने सहाही खोकी उघडली. पट्ट्या काढल्या, रबर लावलं, मोज्यात कोंबल्या आणि मोजा पिठाच्या पिशवीला खेटून मोठ्या बॅगेत दाबला. खोकी गेली चुलीजवळच्या टोपलीत. डॉक्टरची चिठ्ठी पहिल्याच खोक्यात होती. तिने बघितलंसुद्धा नाही.

हेर्मानिया दारात इस्त्रीचे कपडे घेऊन उभी होती. साऱ्या गावाला जे ती ओरडून सांगते, ते तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत घडत होतं. "आई, थांब," एवढे दोन शब्द. तिने ते गिळले. मला विचारलं का कुणी, असं तिला वाटलं. आणि त्याखाली आणखी एक वाटलं, ते फारच ओंगळ होतं: अडवू देत. विमानतळावरून परत पाठवू देत. येईल डोळे सुजवून, आणि सात वाजता हात पुढे करून उभी राहील माझ्यासमोर.

सगळे जेवायला बसल्यावर तिने टोपलीतून खोकी उचलली, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवली. टाकून द्यायची हिंमत नव्हती आणि परत द्यायची दानत नव्हती. आठ दिवस ती पर्स खांद्याला लावून दुकानात गेली-आली. रोज रात्रीच्या ताटावर बसताना ठरवायची, आज सांगू. तेवढ्यात आई कौतुकाने म्हणायची, "आमची यादिरा," की हिचा घास पुन्हा कडू व्हायचा.

सोमवारी व्हॅनने सगळा गोतावळा डोंगर उतरून ग्वायाकिलच्या विमानतळावर आला. यादिरा रांगेत, बाकीचे दोरीच्या अलीकडे. आणि जे व्हायचं तेच झालं. अमली पदार्थवाल्या पोलिसाने नेमकी तिची बॅग टेबलावर घेतली. पीठ निघालं. मोजा निघाला. मोज्यातून एकशेऐंशी गोळ्या निघाल्या.

"हे काय?"

"माझं औषध आहे. फिटचं," यादिरा म्हणाली.

"खोकं कुठंय? चिठ्ठी?"

"अहो साहेब, माझ्या पोरीची औषधं ती!" दोरीवरून दोन्या क्लेमेन्सिया ओरडली. "लहानपणापासून घेते!"

"मावशी, असं सगळेच म्हणतात. चिठ्ठी नसेल तर गोळ्या इथेच राहतील. पिठाची तपासणी होईल. आणि विमान काही थांबायचं नाही."

गोळ्यांशिवाय यादिरा विमानात बसली तर दुसऱ्या दिवशी परक्या रस्त्यावर पडणार, आणि नाही बसली तर शिष्यवृत्ती गेली. हे तिथे एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं. त्या माणसाच्या काखेत पर्स होती.

यादिरा रडली नाही. आईकडेही बघितलं नाही. ती सरळ हेर्मानियाकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. हेर्मानियाने भिंतीवरचं घड्याळ बघितलं, विमानाला किती वेळ उरलाय ते. खरंच बघितलं, खोटं कशाला बोला. तीन मिनिटं ती तशीच उभी होती, आणि तिसऱ्या मिनिटाला पोलिसाने मोजा पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.

"थांबा!" म्हणत ती दोरीखालून वाकून आत शिरली. टेबलावर खोकी मांडली, एकेक उघडून उभी केली, चिठ्ठी सपाट केली. "हा डॉक्टरचा शिक्का. हा बॅच क्रमांक, पट्टीवरचाही हाच, लावून बघा. नव्वद दिवस, रोज दोन. पिठात हात घाला, वास घ्या, जव आहेत ते." आवाज दुकानातला लागला होता. पोलिसाने सहाही खोकी ताडून पाहिली.

"तुम्ही औषधशास्त्र शिकलाय का, बाई?"

"नाही," हेर्मानिया म्हणाली. "ही शिकणार आहे."

गोळ्या खोक्यांत परत भरून तिने त्या यादिराच्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. यादिराने तिला घट्ट मिठी मारली आणि ताईच्या कानाशी म्हणाली, "मी पाहिलं होतं, न्यान्या. त्या रविवारी, टोपलीतून उचलताना."

हेर्मानियाचे हात तिच्या पाठीवर तसेच राहिले. "मग बोलली का नाहीस?"

"सोळा वर्षं गोळ्या तू दिल्यास. म्हटलं, या वेळी द्यायच्या की नाही, ते तूच ठरव. नसत्या दिल्यास तर मी परत आले असते तुझ्याबरोबर. गुपचूप."

आई मागून ओरडत होती, देवाची कृपा, देवाची कृपा. हेर्मानियाला खूप काही बोलायचं होतं. पण शेवटी मोठेपणाही या धाकटीनेच घ्यावा, याचा तिला भर विमानतळावर हेवा वाटला.

"आजची गोळी विमानात घे," ती एवढंच म्हणाली. "तिथल्या घड्याळाने नव्हे. आपल्या सातला."